'समावेशक वर्ग' किट वर्षभर वापरलं : काय कामाला आलं, काय कपाटात गेलं

आधीच सांगते, कंपनीचं नाव घेणार नाहीये. अपंग आणि शिकताना अडणाऱ्या मुलांना नेहमीच्या वर्गात सामावून घ्यायला असे किट आता बरेच जण बनवतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो, त्यामुळे मी जे लिहितेय ते तुमच्या हातात येईल त्या किटला लावून बघा. मी दुसरीला शिकवते, वर्गात ३८ पोरं. त्यातल्या पाच जणांच्या नावापुढे ऑफिसच्या फाईलमधे काही ना काही लिहिलेलं आहे. एकाला ऑटिझम, एकीच्या दोन्ही कानांना मशीन, एक जण बोलत नाही (ऐकू येतं, कळतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत), एक व्हीलचेअरवर आणि एकाचं वाचन अडकलेलं. फाईलमधे काहीच नाही पण तरी कुठेतरी अडलेली अशी अजून सहासात असतील, ती कुणी मोजत नाही. वर्षाच्या सुरुवातीला शाळेने हे किट मागवलं आणि एक दिवस माझ्या टेबलावर ते भलंमोठं खोकं येऊन पडलं, वर हसणाऱ्या मुलांचे फोटो. घ्या बाई, करा आता समावेशन!

खोक्यात काय काय होतं ते पटकन सांगते. वेळापत्रकाची चित्रकार्डं आणि ती चिकटवायची वेल्क्रोची पट्टी, लाल चकतीचं घड्याळ एक, वाळूची घड्याळं तीन, बाहेरचा आवाज कमी करायला कानावर लावायचे मोठे इअरमफ दोन, पेन्सिलला लावायचे रबरी ग्रिप, लिहायचा उतरता बोर्ड एक, आवाज रेकॉर्ड करायची बटणं दोन, रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद, मधे खिडकी असलेली वाचनपट्टी, हवा भरलेली गोल गादी, मांडीवर ठेवायचा वजनदार कापडी सरडा, गटकामाची कार्डं, एक जाड गाईड. आणि पाच प्लॅस्टिकचे ट्रे, सोबत नावं लिहायची रंगीत स्टिकरं. वर सहा ऑनलाइन ट्रेनिंग सेशन.

तर सगळ्यात आधी त्या ट्रेंबद्दल, कारण माझी या किटवरची सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं.

गाईड म्हणतं प्रत्येक 'गरज असलेल्या' मुलाचा वेगळा ट्रे करा, त्याच्यावर नाव चिकटवा, त्याला लागणाऱ्या वस्तू त्यात ठेवा. ऐकायला किती छान! मी पण लगेच केलं, पाच ट्रे, पाच नावं, खिडकीखाली ओळीने मांडून ठेवले, फोटोबिटो काढला. आठवडाभरात वर्गाला कळलं की ही पाच पोरं ट्रेवाली. कुणी चिडवलं वगैरे नाही हं, दुसरीची पोरं एवढी वाईट नसतात, पण 'बाई, हा ट्रेवाला आहे ना, मग त्याला एवढं लिहायला लागणार का?' असे प्रश्न सुरू झाले. ज्याचं वाचन अडतं तो मुलगा तर ट्रेला हातच लावेना. एकदा मधल्या सुट्टीत बघते तर त्याने नावाचं स्टिकर नखाने खरवडून काढलेलं. मी परत चिकटवलं, माझी अक्कल बघा. दुसऱ्या दिवशी परत गायब.

गंमत म्हणजे याच गाईडच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं कलम २४ दिलंय आणि त्यावरचं २०१६ चं भाष्य पण दिलंय, ज्यात वगळणं, वेगळं ठेवणं, एकात्मीकरण आणि समावेशन या चार गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्यात. एकात्मीकरण म्हणजे मुलाला नेहमीच्या शाळेत घ्यायचं पण शाळा आहे तशीच राहणार, जुळवून घ्यायचं ते मुलाने. समावेशन म्हणजे शाळेनेच आपली शिकवायची पद्धत, मांडणी, वस्तू बदलायच्या. पान ६ वर हे लिहिलंय आणि पान ३१ वर नावाचा ट्रे करा असं लिहिलंय, म्हणजे लिहिणाऱ्यांनी आपलंच पान ६ वाचलं नसावं.

दोनेक महिन्यांनी काय झालं, फाईलमधे जिचं नाव कुठेच नाही अशी एक मुलगी, वर्गात पहिली येणारी, माझ्याकडे आली आणि म्हणाली बाई मला ते कानाचं मिळेल का, गणित करताना खूप आवाज येतो. मी म्हटलं ते त्याचं (म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाचं) आहे गं. ती म्हणाली, 'पण तो आत्ता वापरत नाहीये.' यावर मला काही उत्तर सुचलं नाही. त्या शुक्रवारी मी पाचही ट्रे रिकामे केले आणि सगळ्या वस्तू मुलांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर मांडल्या, ज्याला जे लागेल त्याने घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. पहिले चार दिवस नुसती जत्रा. सगळ्यांना सगळं हवं. पाचव्या दिवसापासून हौस फिटली आणि ज्याला खरंच लागतं तोच उठायला लागला. उतरता बोर्ड एका डावखुऱ्या मुलाने धरला तो धरलाच. पेन्सिलचे ग्रिप निम्म्या वर्गाकडे. आणि तो स्टिकर खरवडणारा? त्याने वाचनपट्टी उचलली, कारण शेजारचा पण वापरत होता.

अर्थात यात पण एक गोची झाली, ती सांगायला हवी. इअरमफ दोनच आणि ऑटिझम असलेल्या मुलाला जेव्हा ते लागतात तेव्हा ते आत्ताच्या आत्ता लागतात, वाट बघणं त्याच्या हातात नसतं. एकदा दोन्ही दुसऱ्यांच्या कानावर होते, तेवढ्यात बाहेर कुणीतरी ड्रिल मशीन लावलं आणि पुढचा अर्धा तास काय झालं ते मी इथे लिहीत नाही. तेव्हापासून एक इअरमफ त्याच्या बाकाच्या हुकला, कायमचा. सगळं सगळ्यांचं हे तत्त्व छान आहे पण ज्याच्या वाचून एखाद्याचं अडतंच ती वस्तू राखीव पाहिजे. यावर गाईडमधे एक ओळ नाही.

आता एकेक वस्तू.

लाल चकतीचं घड्याळ हे या खोक्यातलं सोनं आहे. चकती फिरवून वीस मिनिटं लावली की लाल भाग हळूहळू कमी होत जातो, वेळ 'दिसतो'. दुसरीच्या मुलांना घड्याळ नीट वाचता येत नाही, त्यामुळे 'अजून दहा मिनिटं' हे त्यांच्यासाठी नुसतं बाईंचं बोलणं असतं. लाल एवढंच उरलंय हे मात्र बोलता न येणाऱ्या मुलालाही दाखवता येतं आणि तोच आमचा टाइमकीपर झाला, वर्षभर. वाळूची घड्याळं त्यापुढे फिकी, एक फुटलं, दोन पोरांनी आडवी करून बंद पाडली. अजून घड्याळं मिळतील का हे मी कंपनीला विचारलं होतं, त्याबद्दल शेवटी लिहिते.

चित्र वेळापत्रक पण उत्तम, पण त्यांची कार्डं नाही. कार्डांवर जी चित्रं आहेत ती इतकी गोंडस आणि सारखीसारखी आहेत की भाषा आणि परिसर यात फरक कळत नाही, दोन्हीत एक हसरा मुलगा आणि पुस्तक. मी आमच्याच वस्तूंचे फोटो काढून प्रिंट मारले, आमचं गणिताचं पेटीकपाट, आमचं मैदान, खेळाच्या सरांची शिट्टी. मग चाललं. सगळ्यात उपयोगी कार्ड किटमधे नव्हतंच, ते म्हणजे 'बदल'. पिवळ्या कागदावर मोठा बाण. खेळाचा तास रद्द झाला की खेळाच्या कार्डावर हा बाण आणि शेजारी नवीन कार्ड. ऑटिझम असलेल्या मुलाचा सगळा त्रास बदलाचा नव्हता, न सांगता होणाऱ्या बदलाचा होता, हे मला त्या पिवळ्या कागदामुळे कळलं. एकदा मी दोन दिवस रजेवर होते, आल्यावर बघते तर पट्टीवर पिवळा बाण आणि खाली कुणीतरी पेन्सिलने काढलेली माझी फुली मारलेली आकृती, चष्म्यासकट. कुणी काढली विचारलं तर तोच म्हणाला, 'बाई नाही. बदल.' वेल्क्रो मात्र अगदी हलकं, दोनतीन महिन्यांत केस अडकून निकामी, कार्डं सारखी खाली.

वाचनाच्या सामानाबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे किट बनवणाऱ्यांनी आपली भाषा डोळ्यासमोर ठेवलेलीच नाही. वाचनपट्टीत जी खिडकी कापलीय ती इंग्रजी ओळीच्या मापाची आहे. आपल्या ओळीला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. खिडकीत शिरोरेषा बसवली की खालचे उकार कापले जातात, उकार बसवले की वरची वेलांटी गायब, म्हणजे 'पूल' चा 'पल' आणि 'तीन' चा 'तान'! ज्या मुलाचं वाचन आधीच अडतंय त्याच्या हातात तुम्ही अक्षरं खाणारी पट्टी देताय. मी ती फेकून जाड काळ्या कागदाची कापली, खिडकी दीडपट उंच, आणि अशा पंधरा करून फळीवर ठेवल्या.

गाईडमधलं वाचनाचं अख्खं प्रकरण पण तसंच, मुलं बी आणि डी उलटं करतात यावर चार पानं. आमची पोरं कशात अडकतात? घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी कुठल्या बाजूला. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते पण बोलताना क आधी, हा गोंधळ तर वाचन न अडणाऱ्या मुलांचा पण होतो. जोडाक्षरांचं तर नावच काढू नका. यातलं काही म्हणजे काही त्यात नाही, कारण सगळं मूळ इंग्रजीतलं उचलून भाषांतर केलंय आणि ते वाचताना कळतं. एका पानावर तर 'मोठ्या लिपीतील अक्षरे' असं काहीतरी आहे, कॅपिटल लेटर्स असणार ते.

एक गोष्ट मात्र मी त्यातूनच शोधत गेले आणि सापडली. २०१२ साली इटालियन आणि फ्रेंच बोलणाऱ्या, डिस्लेक्सिया (म्हणजे हुशारी असून वाचन अडणं) असलेल्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, ७४ मुलं होती, त्यात अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर मुलं कुठल्याही जास्तीच्या सरावाशिवाय आधीपेक्षा भरभर आणि कमी चुका करत वाचायला लागली होती. मी लगेच कॉम्प्युटरवर आमच्या धड्याच्या अक्षरांमधलं अंतर वाढवलं आणि काय, शिरोरेषाच तुटली, शब्दाचे तुकडे पडले, दिसायला भयंकर. मग अक्षरांमधलं नाही पण शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर भरपूर वाढवलं, अक्षर मोठं घेतलं, एका पानावर सहाच ओळी. हा काही अभ्यास नाही, माझा जुगाड आहे, पण त्या मुलाने पहिल्यांदा पानाच्या खालपर्यंत वाचलं आणि मग विचारलं, 'संपलं?' आता ही मोठ्या अंतराची पानं मी सगळ्यांसाठीच काढते.

रंगीत प्लॅस्टिकचे कागद थेट टाकून द्या. ते पानावर ठेवून वाचलं की डिस्लेक्सियात फायदा होतो असं खोक्यावर छापलंय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ञांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २००९ मधे एकत्र पत्रक काढून सांगितलंय की रंगीत भिंगं, रंगीत कागद, डोळ्यांचे व्यायाम याने डिस्लेक्सियावर उपचार होतो याला शास्त्रीय पुरावा नाही, मूळ अडचण डोळ्यांत नसून आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यात असते. आमच्याकडे ते कागद चित्रकलेच्या तासाला सूर्य बघायला वापरले, तेही मग बंद केलं कारण सूर्याकडे बघणं चांगलं नाही.

हवेची गादी! चुळबुळ्या मुलांसाठी आहे म्हणे, बसल्या बसल्या हलता येतं. पहिल्या दिवशी ती चकती म्हणून वर्गभर उडाली, दुसऱ्या दिवशी तिच्यातून नको तसले आवाज काढता येतात हा शोध लागला, तिसऱ्या दिवशी ती कपाटात. एखादा शांत वर्ग असेल तुमचा तर करा प्रयत्न. वजनदार सरडा माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, छान काम करतो.

आता आवाजाचं बटण. हे दुसरं सोनं, पण ते वापरायला मला तीन महिने लागले आणि चूक माझी होती. बटण दाबलं की आपण रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजतं, एवढंच ते यंत्र. मी काय केलं, एका बटणावर 'मला पाणी पाहिजे' आणि दुसऱ्यावर 'मला बाथरूमला जायचंय', माझ्याच आवाजात, चांगलं गोड बोलून. आमचा न बोलणारा मुलगा ते दाबायचाच नाही. पाणी त्याला बाटली दाखवून मागता येत होतं आणि बाथरूमला तो सरळ उठून जायचा, मग बटणाची गरज कुणाला होती? त्याची आई म्हणाली, बाई, सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून तुमचा आवाज आला तर त्याला कसं वाटेल? मग त्याच्याच बाकावरच्या मित्राकडून रेकॉर्ड करून घेतलं आणि काय बोलायचं ते त्यालाच ठरवू दिलं, म्हणजे आम्ही दहाबारा वाक्यं म्हणून दाखवली आणि त्याने मान हलवली. त्याने निवडलेली दोन वाक्यं, 'आता माझा नंबर!' आणि 'ए, चीटिंग!'

त्या दिवसापासून त्या बटणाला आराम नाही.

दुसऱ्या एका मुलाच्या आजोबांनी शंका काढली होती की बटण दिलं तर पोरगं बोलायचा प्रयत्नच सोडून देईल, आणि ही भीती बऱ्याच जणांना असते म्हणून लिहिते. २००६ मधे अशा साधनांवरच्या अभ्यासांचा एक आढावा आला, त्यात ज्यांच्या नोंदी काटेकोर ठेवल्या होत्या अशा २७ जणांमधे एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. हां, आणि बटण फळीवर ठेवायचं नाही. बाकी सगळं सामाईक, पण हे नाही. तो त्याचा आवाज आहे, दुसऱ्याने गंमत म्हणून दाबायचा नाही, हा नियम वर्गाला एकदाच सांगावा लागला.

ज्या मुलीला कानाची मशीनं आहेत तिच्यासाठी या किटमधे काय आहे? काहीही नाही. गाईडमधे एक ओळ, 'पुढच्या बाकावर बसवा'. अहो, मशीन सगळेच आवाज मोठे करतं, बाई बोलते तो पण आणि मागे खुर्ची ओढली तो पण. आणि मी काय पुढच्या बाकासमोर पुतळा होऊन उभी असते का? अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने (आवाज मोजायचं एकक) उतरतो, मी मागच्या कोपऱ्यात गेले की तिच्यासाठी संपलंच. अमेरिकेत २००२ साली वर्गाच्या आवाजाचं एक मानक आलं, त्यात रिकाम्या वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबलच्या आत हवा असं आहे. आमच्या वर्गात फक्त पंखे लावले तरी मोबाइलचं ॲप (ते काही अचूक नसतं, तरी) त्याच्या बरंच वर दाखवतं. शेवटी उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. एक, जुने टेनिस बॉल चिरून खुर्च्यांच्या पायांना बसवले, सगळ्या वर्गाची डोकेदुखी कमी झाली, माझी धरून. दोन, तिच्या ऑडिओलॉजिस्टने (ऐकण्याची तपासणी करणारे तज्ञ) गळ्यात अडकवायचा छोटा माइक मिळवून दिला, माझा आवाज थेट तिच्या मशीनमधे जातो. सावधगिरीची सूचना, तो बंद करायला विसरू नका. मी विसरले आणि व्हरांड्यात दुसऱ्या बाईंशी जे काय बोलले ते तिने वर्गात जसंच्या तसं सांगितलं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही ही सवय लावून घ्यायला मात्र मला अख्खं वर्ष लागलं, अजून पूर्ण लागलेली नाही.

व्हीलचेअरसाठी पण किटमधे वस्तू नाही, ते मी समजू शकते, खोक्यातून रॅम्प कसा पाठवणार. पण निदान माप तरी नीट सांगा. रॅम्पचा उतार साधारण १ ला १२ धरतात, म्हणजे १५ सेंटीमीटरची एक पायरी असेल तर रॅम्प १८० सेंटीमीटर लांब हवा, आणि लोक काय करतात, एक फळी टाकतात आणि मागून ढकलतात. आम्ही आमचा वर्गच वरून खाली आणला, झालं. व्हीलचेअरवरच्या मुलीबाबतीत गाईडने जो सल्ला दिलाय त्याने माझं डोकं फिरलं, खेळाच्या तासाला तिला स्कोअर लिहायला द्या म्हणे. वर्षभर स्कोअर! कुणी विचारलं तिला? पोरांनी आपणहून पकडापकडीचा एक नियम काढला की फक्त मैदानावर आखलेल्या रेषांवरूनच पळायचं, रेष सोडली की आउट. रेषेवरून पळताना बाकीचे वळणावर धडपडतात आणि ही चाकांवर सुसाट. आता तिच्यावर राज्य आलं की पोरं घाबरतात.

गटकामाची कार्डं ठीक आहेत. त्यामागची कल्पना ओळखीची आहे. १९७१ मधे अमेरिकेत ऑस्टिनला, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गात फार ताण होता, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी एकेका मुलाला धड्याचा एकेक तुकडा देऊन बघितलं, म्हणजे प्रत्येकाकडे असं काहीतरी की ज्याच्याशिवाय गटाचं काम पूर्णच होत नाही. किटमधल्या कार्डांवर मात्र 'वाचणारा', 'लिहिणारा', 'मदतनीस' अशी कामं आहेत आणि ओळखा पाहू, मदत घेणारा दर वेळी कोण ठरणार? मी ती कार्डं ठेवली पण 'मदतनीस' काढून टाकलं.

ट्रेनिंगचं काय सांगू. सहा सेशन, प्रत्येकी दीड तास, त्यातलं पहिलं सेशन सलामांका. म्हणजे महत्त्वाचं आहे हो, जून १९९४, स्पेनमधलं सलामांका, ९२ देशांची सरकारं आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्था, सगळ्यांनी मिळून म्हटलं की नेहमीच्या शाळांनी सगळ्या मुलांना सामावून घ्यायला हवं. पण ते दहा मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात खोक्यांवर उभं राहून कुंपणापलीकडची मॅच बघणाऱ्या तीन पोरांचं ते चित्र (सगळ्यांना सारखं देणं आणि ज्याला जे लागेल ते देणं यातला फरक दाखवणारं), जे आम्ही प्रत्येक ट्रेनिंगमधे बघतो, स्टाफरूममधे सगळ्यांना पाठ आहे. व्हिडिओतल्या आदर्श वर्गात मी मुलं मोजली, बारा होती, दोन बाई, शिवाय एक मदतनीस. इटलीने १९७७ साली ५१७ नंबरच्या कायद्याने प्राथमिक शाळांत अपंग मुलं सरसकट नेहमीच्या वर्गात आणली, तेव्हा त्याच कायद्यात अशा वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नकोत असंही लिहिलं. हे मी चॅटमधे टाकलं आणि विचारलं की ३८ मधे कसं करायचं, तर उत्तर आलं 'छान प्रश्न'.

चौथं सेशन मात्र खरंच चांगलं होतं आणि ते नसतं तर मी अजून एक चूक केली असती. शाळेने मला अर्ध्या दिवसासाठी एक मदतनीस ताई दिली होती आणि मी तिला ऑटिझम असलेल्या मुलाच्या शेजारी खुर्ची टाकून बसवलं होतं. सेशनमधे दाखवलं की मोठं माणूस सारखं एका मुलाला चिकटून बसलं की काय होतं. बाकीची मुलं त्याच्याशी बोलायची बंद होतात, वर्गाच्या बाई त्याला प्रश्न विचारायच्या बंद होतात, आणि तो मुलगा स्वतःहून काही करायचा बंद होतो. अमेरिकेतले शिक्षण संशोधक मायकल जियानग्रेको यांनी १९९७ मधे यावर अभ्यास केलाय, इंग्लंडमधल्या एका मोठ्या प्रकल्पात तर मदतनिसाचा आधार जास्त मिळालेल्या मुलांची प्रगती कमी दिसली, त्यांच्या मूळ अडचणी हिशोबात धरल्या तरीही. मी दुसऱ्या दिवशी मागे वळून मोजलं, त्या मुलाला मी दिवसभरात किती वेळा काही विचारलं? एकदा. ते पण हजेरीत. आता ताई वर्गभर फिरते आणि मी त्याच्याजवळ जाते, ताईला सुरुवातीला वाटलं मी तिच्यावर रागावलेय, बिचारी. इटलीतले सपोर्ट टीचर कायद्याने एका मुलाचे नसून पूर्ण वर्गाचे असतात हेही याच सेशनमधे कळलं, प्रत्यक्षात कसं चालतं देव जाणे, पण कल्पना पटली.

स्टार द्यायचेच तर घड्याळ ५, बटण ५, चौथं सेशन ५, इअरमफ ४, वेळापत्रकाची कल्पना ५ पण कार्डं २, ग्रिप आणि उतरता बोर्ड ४, गाईड दीड, वाचनाचं सामान शून्य, ट्रे उणे. सरासरी तुम्हीच काढा. पहिलं किट घेत असाल तर खोकं आल्या आल्या स्टिकरांचं पाकीट लपवून ठेवा, निदान मुलांच्या हाताला तरी लागू देऊ नका, आणि बटणांच्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद असतं तेव्हा छोटा स्क्रूड्रायव्हर पर्समधे असू द्या, कारण 'ए, चीटिंग' बरोबर खेळाच्या मधेच बंद पडतं.

आणि ते घड्याळाचं राहिलं. वर्षाच्या शेवटी शाळेने विचारलं अजून एक किट मागवू का, मी म्हटलं किट नको, फक्त तीन लाल घड्याळं, दोन इअरमफ आणि चांगलं वेल्क्रो मागवा. मी स्वतः कंपनीला फोन केला. सुट्ट्या वस्तू मिळत नाहीत, पूर्ण किटच घ्यावं लागेल. मग निदान ट्रे आणि सरडा काढून घ्या म्हटलं तर म्हणे तसं करता येत नाही, मॅडम, सरडा तर आमचा सगळ्यात पॉप्युलर आयटम आहे.